बी विंगचे मार्शल

आमच्या नेरूळच्या सोसायटीतले खोपकर काका कुठेही गेले की आधी माणसं मोजतात. माझ्या डोहाळजेवणाला आले ते दारातच ओरडले, "अगं मीनल, बायका चौतीस आणि दार एकच! तो झोपाळा वाटेतून हलव आधी!"

मार्शल म्हटलं की मला विधानसभेत आमदाराला उचलून बाहेर नेणारे आठवतात, नाहीतर रस्त्यात थुंकणाऱ्याची पावती फाडणारे. काका यांतले कुणीच नाहीत. शिरवण्याजवळच्या एका कारखान्यात ते फायर मार्शल होते. भोंगा वाजला की सगळ्यांना बाहेर काढायचं, स्वतः शेवटी निघायचं, मग मैदानात हजेरी घ्यायची. रिटायर झाले ते केशरी जॅकेटसकट, आणि बी विंगचे मार्शल झाले. नेमलं कुणी? त्यांनीच.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, ऐन वामकुक्षीच्या वेळी शिट्टी. "लिफ्ट नाही! चपला शोधू नका!" की आम्ही गाऊनवर ओढण्या घेऊन खाली. "हजर" म्हणायचं. कुणी नुसतं "हां" म्हटलं की, "हां नाही चालणार. पुन्हा!"

शेवटी सेक्रेटरी वैतागले. "काका, बस झालं. लोकांना टेन्शन येतं." सभेत ठराव झाला, ड्रिल बंद. हात वर करणाऱ्यांत मीही होते. काकांनी ते हातसुद्धा मोजले. "एकोणतीस," म्हणाले आणि जॅकेटची घडी घातली.

गेल्या मंगळवारी भर दुपारी मीटरच्या खोलीतून धूर निघाला. शिट्टी वाजली आणि काय सांगू, अख्खी विंग अनवाणी खाली! काका सगळ्यांत शेवटी आले, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना धरून. वायरमनने मेन स्विच पाडला, धूर थांबला. तरी कुणी हललं नाही. काकांनी खिशातून यादी काढली, एकेक नाव घेतलं, "सगळे सुखरूप," म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

मी यादीत डोकावले. दोनशे तीन, आम्ही. त्याखाली एकदम तीनशे एक.

"काका, तुमचा दोनशे चार कुठाय?"

"मार्शल स्वतःची हजेरी घेत नाही गं. ती घरच्यांनी घ्यायची," काका हसले. "ही होती तेव्हा रोज दारातच विचारायची, आलात ना?"

मला माझ्या त्या वर केलेल्या हाताची लाज वाटली. यादी ओढून घेतली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "दोनशे चार, खोपकर!"

काका ताठ उभे राहिले. "हां," एवढंच म्हणाले.

"हां नाही चालणार," मी म्हटलं. "पुन्हा."