साहेबांचं कमरेएवढं घोडं

"तीन दिवस टॉमीला कोण सांभाळेल?" असं गिरणीच्या साहेबांनी विचारलं आणि तात्याबा पट्टेवाला एक पाऊल पुढे झाला. त्याच्या साऱ्या हालांना त्या एका पावलापासून सुरुवात झाली. (ते पाऊल सुजलं, ही नंतरची गोष्ट.)

टॉमी म्हणजे साहेबांच्या लेकीचं विलायती बुटकं घोडं. पुरतं वाढलेलं, पण उंची तात्याबाच्या कमरेएवढी. त्याची निगा राखणारा मोतद्दार येडू बहिणीच्या लग्नाला नातेपुत्याला गेलेला, साहेब सहकुटुंब पुण्याला निघालेले. आणि गिरणीचा जुना जमादार नेमका त्याच महिन्यात घरी बसणार होता. त्याचा लाल फेटा गेली चार वर्षं तात्याबाच्या स्वप्नात येत होता. (स्वप्नात तो डोक्याला नीट बसतही होता.)

साहेबांनी दोर दिला, सोबत एक कागद दिला. "यात लिहिलंय तसं वाग. लहान असला तरी घोडा आहे."

तात्याबाला वाचता येत होतं. पण मैंदर्गीच्या धनगराच्या पोरानं जनावर कसं धरायचं ते कागदात बघायचं? त्यानं टॉमीला घरी आणलं आणि तो कागद बायकोच्या हातात कोंबला. केराबाई चार यत्ता शिकलेली. तिनं अंगणातच मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'दोर हाताला गुंडाळू नये.' ऐकलंसा न्हवं?"

"तीनशे मेंढरं राखल्यात मी! ह्ये बी मेंढरूच हाय, तोंड जरा लांब एवढंच."

बोलता बोलता त्यानं मनगटाला दोराचे तीन वेढे दिले. एवढ्यात शेजारच्या फुलाबाईनं रिकामं सूप आपटलं. टॉमी उधळला, आणि तात्याबानं साऱ्या अंगणाला प्रदक्षिणा घातली. पोटावरून.

"'अनवाणी जवळ उभं राहू नये,'" केराबाई पुढचं वाचू लागली.

पण टॉमीनं तिच्याही आधी वाचलं होतं. त्यानं तात्याबाच्या बोटांवर खूर ठेवला आणि उचलायची काही घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी टॉमीला धुवायचं होतं. तो कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहिला. तात्याबानं धोतर खोचलं. कळपातलं मेंढरू धरायची रीत त्याच्या हाडात मुरलेली: मागनं दबकत जायचं आणि मागचा पाय खसकन ओढायचा.

"अवो, 'मागून जाऊ नये, आधी हाक द्यावी' असं हाय की हितं!"

"हाक दिली तर मेंढरू पळतंय, येडे!"

टॉमी पळाला नाही, हे मात्र खरं. मोठ्या घोड्याची लाथ कुठंही बसते. टॉमीची उंचीच अशी बेतलेली, की त्याची लाथ सरळ गुडघ्याच्या वाटीवर आली. तात्याबा बादलीत जाऊन बसला.

केराबाईनं आधी त्याला बाहेर काढलं. मग पायात जाड वहाणा चढवल्या, टॉमीच्या नजरेसमोरून गेली, हाक मारली, खांद्यावर हात ठेवला आणि त्याला धुऊन पुसून मोकळी झाली.

"मेंढरू लई गरीब हाय की वो," ती म्हणाली. फुलाबाई भिंतीआड तोंडात पदर कोंबून हसली.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. गुडघ्याला लेप, पायाला चिंध्या, सगळं धोतराखाली लपवून तात्याबा चौकटीला टेकून उभा होता. लंगडणाऱ्याला जमादार कोण करणार?

साहेबांनी टॉमीच्या अंगावरून हात फिरवला. "छान! काही त्रास दिला का यानं?"

"छे साहेब! नुसतं बोट दाखवीन तसा वागला."

"शाबास! तुला जमादार करायचं मनात होतं. पण दारावर कुणीही उभं राहील. घोड्यात असा जीव ओतणारा माणूस मिळत नाही. येडू तर आता गावीच राहणार म्हणतोय. उद्यापासून टॉमी तुझ्याच हवाली. आणि याच्या जोडीला आणखी एक मागवलाय."

साहेब गेले. तात्याबा चौकटीवरून घसरत खाली आला. केराबाई आत गेली, खळ घेऊन आली आणि तो कागद भिंतीला चिकटवू लागली, जमिनीपासून वीतभर उंचीवर.

"एवढा खाली कशाला गं?"

"वर लावला तर तुमाला पडल्या जागंवरनं दिसंल व्हय?"