कवळीखालील गनिमाचा मोड

श्रीग्रामदेवता समर्थ. शके अठराशें चौऱ्यायशीं, शुभकृत नाम संवत्सरीं, माहे फाल्गुनीं, पोलादपूर तालुकियाचे एके डोंगरवाडीस जें युद्ध जाहलें, तयाविषयीं लोक चावडीवर बैसोन भलतेंच सांगतात, सबब खरी हकीकत लिहिली असे.

राजश्री महिपतीबावा वाडीचे मानकरी. शिमग्यास देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे गांवचे चौथऱ्यावर, बैसली म्हणजे सकळ रयतेतर्फे देवास गाऱ्हाणें घालावयाचा मान त्यांचे घराण्याकडे पिढीजात. त्यांचे दांत एकेक करोन चाकरी सोडोन गेले, तेव्हां मुंबईस गिरणींत असलेले चिरंजीव रामा यांनीं नवी कवळी करवून दिधली, आणि बावा ती लेवोन ऐसे मिरवूं लागले कीं धुवावयास काढीनात, निजतांहि काढीनात, कां कीं आपलें बोळकें कुटुंबानेंहि पाहूं नये ऐसी त्यांची आण.

तेथेंच घात जाहला. कवळीचे आडोशास पांढरा गनीम चोरपावलीं शिरला, आणि मग टाळू, जीभ, गाल ऐसा मुलूख व्यापिला. खरवडतां दहियासारखा निघे आणि खालीं लाल चट्टा दिसे. भाकरीचा घांस निखाऱ्यासारखा लागे, बोलणें तों दूरच. चुलतबंधु भागोजी, ज्यांचा गाऱ्हाणियावर बहुतां वर्षांचा डोळा, ते रोज समाचारास येऊं लागले. घरांत मसलत होऊन तुरटी, हळद आणि मध ऐसी फौज धाडिली. तुरटी, हळद शिकस्त खाऊन परतली, आणि मध तर गनिमानें नजराणा समजोन घेतला.

मग एसटींत बैसोन खाशी स्वारी महाडास गेली. तेथील डॉक्टरसाहेबांचा हुकूम जाहला कीं, तोंडांत बुरशी धरली आहे, हें जांभळें औषध कापसाचे बोळ्यानें आंत लावणें, आणि कवळी काढोन धुवोन पाण्यांत ठेवणें, निजतां कदापि न घालणें. बावांनीं हुकुमाचा पूर्वार्ध शिरसावंद्य केला आणि उत्तरार्ध बाटलीबरोबर बंडीचे खिशांत घातला. कवळी जागींच ठेवोन औषध लाविलें. जीभ जांभळी, ओंठ जांभळे, कवळीहि जांभळी. गनीम किल्ल्यांत सुखरूप आणि तोफा गांवकुसावर. दिवसा हटे आणि रातोरात पुन्हां चालोन येई.

शिमगा जवळ आला, तेव्हां कुटुंब बनुबाई यांनीं ही लढाईची रीत स्वतः पाहिली आणि किल्ला तत्काळ खाली करण्याचें फर्मान सोडिलें. बावांनीं तोंडावर पंचा धरोन अर्ज केला कीं, तूं हांसशील. डोळ्यांत पाणी आलें होतें.

"दातांकडं बघून का नांदले मी?" बनुबाई बोलल्या. "काढा ते."

कवळी काढिली. औषध थेट टाळूस लागलें आणि गनिमाचे पाय सुटले. परंतु फिरोन महाडास दाखवितां, अवघा मुलूख मोकळा होईतों कवळी घालूं नये ऐसा साहेबांचा दुसरा हुकूम जाहला, आणि पालखीचा दिवस तर दारीं आला.

सहाणेवर भागोजींनीं सकळांसमक्ष विनंति मांडिली कीं, बिनदांतांचें बोलणें देवास समजणार नाहीं, सबब यंदा मान आम्हांस द्यावा. बावांचा पाय मागें फिरला. तों बायकांतून बनुबाई पुढें येऊन बोलल्या,

"देवाला तरी कुठं दात हायत? घाला गाराणं."

बावा उभे राहिले. जांभळ्या बोळक्यांतून शब्द फुटक्या भात्यासारखे फुसफुसूं लागले, एकहि धड उमटेना, आणि तरी ज्या ठिकाणीं श्वास घेतला त्या ठिकाणीं अवघी वाडी ठेक्यांत गर्जली, "व्हय महाराजा." संवयीनें भागोजीहि गर्जले, किंबहुना त्यांचाच आवाज मोठा. तेसमयीं बावांस उमजलें कीं दांत होते तेव्हांहि शब्द कोणी ऐकत नव्हतें. जीवास अंमळ लागलें, परंतु मान राहिला.

पुढें गनिमाचें पांढरें निशाण समूळ उखडलें. कवळी हल्लीं निजतेवेळीं पाण्याचे पेल्यांत, बनुबाईंचे उशाशीं, नजरकैदेंत असते. पहिल्या रात्रीं ती काढोन देतां बावा बोळक्यानें हांसले आणि बनुबाईहि हांसल्या, हें मुद्दाम नमूद केलें, कां कीं ज्या हांसण्याचे भयास्तव गनिमास घर दिधलें, तें एवढेंच होतें. येणेंप्रमाणें फत्ते जाहली.