सगळीकडून सारखा केक

प्रीतम तायडेच्या गाडीतल्या ओव्हनमधून निघालेला पहिला केक मागून कोळसा आणि पुढून खीर होता. मधे दोन बोटं रुंदीची एक पट्टी होती, तेवढी मात्र सुरेख भाजली होती. प्रीतमने ती पट्टी अलगद कापून बशीत ठेवली आणि बायकोपुढे धरली.

"हे पाय. जमते का नाही?"

दीपमालाने पट्टी खाल्ली, मग टिनमधल्या उरलेल्या केककडे पाहिलं. "हे जमलं. अन् बाकीचा कोनाले द्याचा? अर्धा शेगडीत टाकाचा अन् अर्धा वाटीत घ्याचा?"

प्रीतम अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. शाळेची मुलं ने-आण करणारी एक जुनी व्हॅन त्याने गेल्या वर्षी विकत घेतली, तिच्यातली बाकं काढून फेकली आणि तिथे पलंग, बेसिन आणि एक छोटा गॅसचा ओव्हन बसवला. ओव्हन म्हणजे बुटांचे दोन खोके एकावर एक ठेवले तर होईल एवढाच. या गाडीतून नवरा-बायको देशभर हिंडणार होते. आजवर गाडी जवळच्या वलगावपर्यंतच गेली होती, तीही एका मित्राच्या शेतात हुरडा होता म्हणून.

दीपमाला बँकेत नोकरी करायची आणि हौसेने केक करायची. कॉलनीत तिच्या केकचं नाव होतं. घरी तिचा विजेवर चालणारा मोठा ओव्हन होता आणि त्याने आजवर एकदाही तिचा अपमान केला नव्हता. त्यामुळे गाडीत ओव्हन कशाला, हे तिला कळत नव्हतं. खरं म्हणजे गाडीच कशाला, हे कळत नव्हतं. पण सुरुवात ती ओव्हनपासून करायची.

रविवारी अकोल्याला तिच्या वडिलांची, जानरावांची पासष्टी होती. प्रीतमने जाहीर केलं, "बाबांचा केक मी गाडीतच भाजतो. त्यांच्या दारात. गरमागरम."

"अन् तो असाच निघाला तं?"

"तं गाडी विकून टाकू."

दीपमालाने हात पुढे केला. प्रीतमने तो मिळवला. मिळवताना त्याला आपण जरा घाई केली असं वाटलं, पण तोवर तिने हात घट्ट दाबला होता.

मग प्रीतम शास्त्राला शरण गेला. ज्योत ओव्हनच्या मागच्या बाजूला होती, त्यामुळे सगळी आच तिथेच लागत होती. ती पसरवायला खाली काहीतरी जाड ठेवायला हवं होतं. त्याने अंगणातला शहाबादी फरशीचा एक तुकडा उचलला, स्वच्छ धुतला आणि ओलाच आत ठेवला. थोड्या वेळाने गाडीत फटाक्यासारखा आवाज झाला. फरशीचे तुकडे केकमध्ये बदामासारखे रुतून बसले होते.

"पान्याची वाफ झाली आत," प्रीतमने कारण सांगितलं.

"ते वर्गात सांगजा," दीपमाला म्हणाली.

नंतर त्याने अर्ध्यातून टिन फिरवून पाहिला. तर दार उघडताच वारा शिरून ज्योत विझली आणि केक बसला. लहान टिन घेतला, ज्योत बारीक केली, ओव्हन आधी बराच वेळ तापवून घेतला. प्रत्येक वेळी थोडी सुधारणा होत होती. शनिवारचा केक मागून काळा न होता नुसता तपकिरी झाला आणि पुढून खीर न होता शिरा झाला.

"प्रगती आहे," प्रीतम म्हणाला.

रविवारी सकाळी ते अकोल्याला पोचले. जानरावांचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीकडे उतरत जाणाऱ्या एका चिंचोळ्या गल्लीत होतं. प्रीतम गाडी मागे घ्यायला लागला. आधी एका ओट्याला घासली, मग एका नळाला. शेजारचे डोमाजी लुंगी सावरत बाहेर आले आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी 'या' आणि 'थांबा' अशा खुणा करू लागले.

जानराव ओट्यावर पेपर वाचत बसले होते. ते एस.टी.त ड्रायव्हर होते. रिटायर झाल्या दिवशी त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं, की आता या जन्मात स्टिअरिंगला हात लावणार नाही. उभ्या महाराष्ट्राला बसवून नेलं, आता मी बसतो. तेव्हापासून ते बसलेच होते. प्रीतमच्या सासूबाई, सुंदराबाई, कुठे जाऊ म्हणाल्या की ते म्हणत, "काय ठेवलं तिथं? पायलं हाये मी सगळं. बसस्टँडच असते."

गाडी तिसऱ्यांदा घासली तसा त्यांनी पेपर खाली ठेवला.

"जवाईबापू, उतरा."

ते चढले आणि एका दमात गाडी दाराशी नेऊन लावली. इंजिन बंद झालं तरी ते खाली उतरले नाहीत. थोडा वेळ तसेच बसून राहिले.

"क्लच मऊ हाये," ते म्हणाले आणि पेपर गाडीतच मागवून घेतला.

पाहुणे संध्याकाळी येणार होते. दुपारी दीपमालाने मिश्रण करून दिलं आणि "माहं काम संपलं," म्हणून ती दारात उभी राहिली. प्रीतमने टिन आत सरकवला. पण गल्लीला उतार होता हे त्याच्या ध्यानात आलं नाही. केक उतारावर जमा झाला, एका बाजूला फुगला, दुसऱ्या बाजूला पापडासारखा करपला.

डोमाजींनी वाकून पाहिलं. "हा केक हाये का नदीचा घाट?"

"गाडी सपाट पायजे," प्रीतम म्हणाला. चाकांखाली घालायला गल्लीतून विटा आल्या. प्रीतमने ओव्हनवर लिंबू ठेवलं; लिंबू घरंगळलं की एक वीट वाढवायची. जानराव आतून सूचना देत होते, "पुढचं डावं! अजून! बस!" ते अजूनही ड्रायव्हरच्याच सीटवर होते. शेवटी लिंबू जागेवर राहिलं.

गाडी सपाट झाली. पण आच अजून मागेच होती. फरशी फुटली होती. मिश्रण आता एकाच केकपुरतं उरलं होतं. दीपमाला गाडीचे फोटो काढत होती. पुढून, मागून, बाजूने. जाहिरातीला लागतात तसे.

ते पाहून प्रीतमला मिळवलेला हात आठवला. तो पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला. तिथे चुलीशेजारी भिंतीला टेकून सुंदराबाईंचा तवा उभा होता. जाड, बिडाचा, बिनदांड्याचा, काळाभोर. सुंदराबाई आत नवं लुगडं नेसत होत्या. प्रीतमने इकडे तिकडे पाहिलं आणि तवा शर्टाखाली घेतला. पोटाला गार लागला आणि चालताना तो गरोदर बाईसारखा दिसला. पण कोणी पाहिलं नाही.

तवा ओव्हनच्या दारातून सरळ जाईना. प्रीतमने तो तिरपा केला, एक कड आत घातली, दुसरी दाबली, गुडघा लावला. खट् आवाज होऊन तवा आत पडला आणि टिन ठेवायच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांखाली पक्का बसला. जणू ओव्हनबरोबरच आला होता. प्रीतमने ओव्हन तापवला, देवाला मानत नव्हता तरी दोन सेकंद डोळे मिटले आणि टिन ठेवला.

केक बाहेर आला. मागून, पुढून, कडेला, मधे, सगळीकडे एकच बदामी रंग. दीपमालाने काडी खुपसून पाहिली, कोरडी निघाली. चारी बाजूंनी खुपसून पाहिली. चारीकडे कोरडी.

"तव्यानं आच पसरली," प्रीतम घाईघाईने सांगू लागला. "तवा गोल अन् ओव्हन चौकोनी, म्हनून चारी कोपऱ्यांतून गरम हवा वर—"

"कोनता तवा?" दीपमालाने विचारलं.

त्याच वेळी घरातून आवाज आला.

"माहा तवा कोनं नेला वो?"

ओसरीत पाहुणे जमले होते. वांग्याची भाजी तयार होती, ठेचा कुटून झाला होता, ज्वारीचं पीठ परातीत मळून ठेवलं होतं, आणि भाकरी टाकायला तवा नव्हता. सुंदराबाई गाडीपाशी आल्या. प्रीतमने ओव्हनचं दार उघडून दाखवलं.

"आई, एक मिनिटात काढून देतो."

तो निघाला नाही. थंड झाल्यावर निघेल म्हणून प्रीतमने वारा घातला, नाही निघाला. तेल सोडलं. डोमाजींनी पक्कड आणली. जानरावांनी डोमाजींना कंबरेला धरून ओढलं. तवा हलला नाही. डोमाजींची लुंगी मात्र हलली. तिरपा करायला आत जागा नव्हती आणि पट्ट्या ओव्हनलाच जोडलेल्या होत्या.

"गेला कसा मंग आत?" सुंदराबाईंनी विचारलं.

"दाबून," प्रीतम म्हणाला.

"माह्या मायनं लग्नात देल्ला होता तो. चाळीस वर्सं झाले, एक भाकर चिपकली नाही त्याच्यावर."

प्रीतमने शेजारचे तवे आणले, पण सुंदराबाईंनी पहिल्याच तव्यावर भाकरी तुटल्यावर पीठ झाकून ठेवलं. मग जानरावांनी केक कापला. भाकरी नसल्यामुळे पाहुण्यांनी केकच खाल्ला, आधी नुसता, मग वांग्याच्या भाजीबरोबर. डोमाजींनी ठेच्याशी खाऊन पाहिला आणि दुसऱ्यांदा मागितला. केक पुरला नाही तेव्हा दीपमालाने दुकानातून अंडी आणवली, स्वतः गाडीत चढली आणि दुसरा भाजला, मग तिसरा. सगळे सारखे. ती खाली उतरायलाच तयार नव्हती.

सुंदराबाईंनी सर्वांत शेवटी एक तुकडा घेतला. उलटा करून त्याचा तळ पाहिला. कडा पाहिल्या. मग खाल्ला.

"इतला सारखा कशानं भाजला?"

"तव्यानं," प्रीतम म्हणाला.

"मंग तुमच्या ओव्हननं काय केलं?"

प्रीतमने रिकामा टिन पुसायला घेतला.

पाहुणे गेल्यावर डोमाजी घरून लोखंड कापायचं मशीन घेऊन आले. "पट्ट्या कापतो. दोन मिनिटाचं काम."

दीपमाला ओव्हनच्या आडवी उभी राहिली. "ओव्हनले हात लावाचा नाही. आत्ता कुठं सुधारला तो."

"मंग तवा कापा," डोमाजी म्हणाले आणि सुंदराबाईंचा चेहरा पाहून त्यांनी मशीनची वायर गुंडाळायला घेतली.

ओव्हन कापायचा नाही, तवा कापायचा नाही, आणि तवा अकोल्याच्या बाहेर जाणार नाही, असं सुंदराबाईंनी सांगितलं. जानराव पुन्हा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. ते म्हणाले, "राहू द्या गाडी इथं. काही सोय लागली की न्या."

सोमवारी सकाळी कॉलेज होतं. प्रीतम आणि दीपमाला एस.टी.ने अमरावतीला परतले. अमरावतीच्या अलीकडच्या बडनेऱ्यापर्यंत उभे राहूनच.

पुढे प्रीतम दर रविवारी फोन करायचा. "आई, तवा निघाला का?"

"नाही निघत, बापा. काल नानखटाई केली. गल्लीतल्या बाया डबे घेऊन आल्त्या."

"मी नवा तवा पाठवतो नं. बिडाचाच."

"नव्यावर भाकर चिपकते."

पुढच्या फोनला कळलं की सुंदराबाई भाकरीही आता गाडीतच जाऊन भाजतात. त्यापुढच्या फोनला कळलं की जानराव दुपारी पलंगावर गाडीतच झोपतात, विटा काढून चाकांत हवा भरून घेतली आहे, आणि इंजिन बसू नये म्हणून ते रोज पुलापर्यंत एक चक्कर मारून आणतात. प्रीतमला बरं वाटलं. गाडीची कोणीतरी काळजी घेत होतं.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. दीपमालाने बँकेतून रजा काढली. आता ती स्वतःच चिखलदऱ्याला जाऊ म्हणत होती. तिथल्या थंडीत केक कसा फुगतो ते तिला पाहायचं होतं. स्वेटर काढून झाले, बॅगा भरून झाल्या. तव्याबद्दल तिने तोड काढली होती: सुंदराबाईंनाही बरोबर न्यायचं. प्रीतमने अकोल्याला फोन लावला.

"आई, उद्या येतो आमी. गाडी न्यायले. तुमीबी चला, चिखलदऱ्याले जाऊ."

पलीकडे घरघर ऐकू येत होती.

"काय म्हनता? आयकू नाही येत. तुमचे बाबा गाडी चालवून राह्यले."

"पुलावर गेले का?"

"मोझरीच्या पुढं आलो आमी. गुरुकुंज आश्रमात हात जोडले, चहा घेतला. आता नागपूर, अन् तिथून म्हनतात तं पचमढी. रस्त्यानं नानखटाई भाजून राह्यली मी, लोक थांबून थांबून खातात."

प्रीतमने मनातल्या मनात नकाशा मांडला. अकोल्याहून मोझरीला जायचं तर मधे अमरावती येते. त्याच्या घराच्या जवळूनच रस्ता जातो.

"आई, मंग घरी काहून नाही आले? जेवून गेले असते. दीपाबी होती."

 मग सुंदराबाई कोणाला तरी काहीतरी हळू विचारत असल्यासारखं वाटलं. शेवटी जानरावांचा आवाज आला, मोकळा आणि खणखणीत, मागच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"तुमी गाडी मागसान म्हनून."

त्यांनी एक लांब हॉर्न दिला आणि फोन बंद झाला. दीपमाला समोरच उभी होती. तिने बॅगेची चेन उघडली आणि स्वेटर एकेक करून परत कपाटात ठेवायला लागली.