कुकर लावण्याचं संगीत

संगीताचे मुख्य प्रकार दोन: ऐकण्याचं आणि कुकर लावण्याचं. पहिल्याला राजाश्रय मिळाला, मैफली मिळाल्या, पुरस्कार मिळाले. दुसऱ्याला नुसतीच घरं मिळाली. टीव्ही मालिकांची शीर्षकगीतं आणि पार्श्वसंगीत या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांची उपेक्षा थांबवण्यासाठी एक अल्बम काढण्याचं काम डोंबिवली पूर्वेच्या, मानपाडा रस्त्यावरच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने अंगावर घेतलं. मी मंडळाचा मानद चिटणीस. (मानद म्हणजे सभेला चहा घरून पिऊन यायचा.)

अल्बममध्ये एकवीस शीर्षकगीतं आहेत. शिवाय पार्श्वसंगीताचा स्वतंत्र विभाग आहे: सासू वळून बघते (तीनदा), सून दाराआडून ऐकते, डॉक्टर खोलीबाहेर येऊन चष्मा काढतात, आणि 'पाच वर्षांनंतर'. हा शेवटचा तुकडा अकरा मालिकांत एकच असल्याचं आढळल्याने एकदाच घेतला आहे. अल्बम सीडीवर काढण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. सीडी लावायचं यंत्र सभासदांपैकी तिघांकडे आहे, त्यातलं एक चालतं, पण त्यावर गणपती बसवलेला आहे. मुखपृष्ठावर अध्यक्ष रवींद्र सामंत यांचा फोटो आहे. त्यांचा संगीताशी संबंध नाही, पण फोटो चांगला आला होता.

काम शास्त्रशुद्ध व्हावं म्हणून आधी दोनशे चौदा घरांची पाहणी केली. प्रश्न एकच: शीर्षकगीत सुरू झालं की आपण काय करता? कुकर लावतो, एकसष्ट टक्के. रक्तदाबाची गोळी घेतो, बावीस टक्के. उरलेले लोक दोरीवरचे कपडे काढतात, कडी लावतात किंवा मुलीला फोन करतात. 'ऐकतो' असं एकाच गृहस्थांनी लिहिलं होतं. चौकशीअंती त्यांचं कानाचं यंत्र नवीन असल्याचं निघालं. दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या एका सभासदाच्या मुलीने कळवलं की त्यांच्या चाळीत सातच्या मालिकेच्या गाण्यावर सगळे पाणी भरायला उठतात. पाणी येतंच असं नाही, मालिका मात्र येते. यावरून हे संगीत कुणीही ऐकत नसून सगळे त्याच्या आज्ञेत आहेत, असा निष्कर्ष आम्ही काढला. इतका अधिकार मोठमोठ्या गवयांनाही लाभलेला नाही.

अशा वेळी आमच्याच इमारतीतले, तिसऱ्या मजल्यावरचे गुरुदत्त रेगे एक कॅसेट घेऊन माझ्याकडे आले. रेगे व्हायोलिन वाजवतात, हे मला एकाच जिन्यावर तेवीस वर्षं राहून त्या दिवशी कळलं.

"'तिन्हीसांजेची सून' या मालिकेचं शीर्षकगीत मूळ एक मिनिट पन्नास सेकंदांचं आहे," ते म्हणाले. "वाहिनीने दुसऱ्या आठवड्यापासून ते चाळीस सेकंदांवर आणलं. माझं व्हायोलिन बावन्नाव्या सेकंदाला सुरू होतं."

मालिका एक हजार तीनशे चाळीस भाग चालली होती. हे सगळं त्यांनी फ्लॅटचा नंबर सांगावा तसं सांगितलं.

"पण पहिला आठवडा तर वाजलं ना?" मी म्हणालो.

"वाजलं. तेव्हा उत्तरा भात लावत होती."

उत्तराबाई त्यांच्या पत्नी, निवृत्त शिक्षिका. त्या मागेच उभ्या होत्या. "अहो, साडेसातचा कुकर. तुमचं सुरू व्हायला आणि माझी शिट्टी व्हायला एकच गाठ पडायची. मी तरी काय करणार?"

त्या वर गेल्यावर रेगे हळूच म्हणाले, "पूर्ण गाणं घ्या. बाकी कुणी ऐकलं नाही तरी चालेल. हिने एकदा बसून ऐकावं, एवढंच."

"मग घरीच लावा की."

"घरी ती बसत नाही."

समितीत अध्यक्षांनी हरकत घेतली. बाकीच्या गाण्यांना चाळीस सेकंद आणि एकालाच एक मिनिट पन्नास, हा उरलेल्या वीस मालिकांवर अन्याय होता. सतरा वर्षांच्या कारकिर्दीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी मतदान मागितलं. सत्तर जादा सेकंद 'अपवादात्मक बाब' म्हणून एका मताने मंजूर झाले.

प्रकाशन रविवारी पाच वाजता, शेजारच्या सभागृहात झालं. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या नवरात्रात वाजून आलेला स्पीकर अध्यक्षांनी ओळखीने आणला होता. उपस्थिती एकशे ऐंशी. पहिलं शीर्षकगीत सुरू झालं आणि आमच्या पाहणीची अचूकता सिद्ध झाली: एकसष्ट टक्के सभागृह उठून उभं राहिलं. काही ओशाळून पुन्हा बसले, काही थेट घरी गेले. बावीस टक्क्यांनी गोळी घेतली. तिसऱ्या गाण्याला त्यांतले दोघे पुन्हा गोळ्यांचं पाकीट काढू लागले, तेव्हा त्यांच्या मुलींनी पाकिटं काढून घेतली. सातव्या गाण्यापर्यंत सभागृहात मी, अध्यक्ष, स्पीकरवाला, एक झोपलेले सभासद आणि रेगे पती-पत्नी उरलो.

उत्तराबाई पहिल्या रांगेत खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या. आठवं गाणं लागलं, 'तिन्हीसांजेची सून'. पहिल्या सुरालाच त्यांनी पदर खोचला आणि त्या उठल्या. रेगे समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. बाई दारापर्यंत गेल्या, एक चप्पल पायात सरकवली, आणि व्हायोलिन सुरू झालं.

त्या तशाच उभ्या राहिल्या. एक पाय चपलेत, एक फरशीवर. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण मी उठून आवाज वाढवला. ही गोष्ट अहवालात कोणत्या सदराखाली घालावी हे अजून ठरलेलं नाही.

"हे तुम्ही?" गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं.

"हो."

"त्या आठवड्यात हे माझ्या शिट्टीखाली गेलं?"

"शिट्टीही काही वाईट नव्हती," रेगे म्हणाले.

बाईंनी चप्पल काढली, परत येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "पुन्हा लावा." अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. मी पुन्हा लावलं.

अल्बमला प्रतिसाद उत्तम आहे. एकशे चौऱ्याहत्तर सभासदांनी सह्या करून सुधारित आवृत्ती मागितली आहे, ज्यात प्रत्येक शीर्षकगीत पाच सेकंदांचं असावं. कुकर लावायला तेवढं पुरतं, असं निवेदनात म्हटलं आहे.

आता तुम्ही आमच्या सभासदांना हसाल. हसा. पण आमची माणसं निदान गुडघे धरून उठतात, चप्पल शोधतात, जिना उतरतात. न ऐकण्यासाठी एवढे कष्ट घेतात. तुमच्या पडद्याच्या कोपऱ्यात 'स्किप इंट्रो' असं येतं आणि तुम्ही नुसता अंगठा टेकवता. काल त्या अंगठ्याखाली कोण वाजवत होतं, त्याचं नाव तेवढं सांगा, आणि मग खुशाल हसा.