भोयरकाकांचा दुसरा प्रश्न

आमच्या दाताच्या डॉक्टरांनी माझी दाढ अर्धी कोरून मध्येच हात थांबवला आणि स्वतःच्या आयुष्याचा विचार करायला सुरुवात केली, ती भोयरकाकांमुळे.

काका प्रताप नगरातले आमचे शेजारी, सरकारी कचेरीतले निवृत्त कारकून. सोबत म्हणून आले होते. मी आ वासून पडलेलो, आणि हे म्हणतात, "डॉक्टरसाहेब, याच्यात तुमचा मामा कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे या धंद्यात तुम्हाले ढकललं कोणं? आपल्या मनानं कोणी काही होत नाही जी. मनात असते एक, अन् कोणीतरी मामा दुसरंच करून ठेवते."

डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले. "बाबांच्या मित्राचा दवाखाना तयार होता. मला खरं तर झाडांचा अभ्यास करायचा होता," म्हणाले, आणि मशीन हातात धरून खिडकीबाहेर बघत बसले. माझं तोंड उघडंच.

"आता राग येते का त्याचा?" काकांनी हळूच विचारलं. हा त्यांचा ठरलेला दुसरा प्रश्न.

काकांनी कोणालाच सोडलं नाही. चौकात चलान फाडणाऱ्या पोलीसबाईंना विचारलं. त्यांचा मामा म्हणजे शाळेतल्या कबड्डीच्या बाई निघाल्या; चलान फाटलंच. इतवारी बाजारातला भांडीवाला म्हणाला, "मामा कायचा? आजा याच गादीवर, बाप याच गादीवर. मले कोणी विचारलंच नाही." आणि माझ्या बहिणीला बघायला आलेल्या इंजिनीअर मुलाला विचारलं, तेव्हा त्यानं शेजारी बसलेल्या वडिलांकडे असं काही पाहिलं, की पोहे बशीत तसेच राहिले. स्थळ मोडलं आणि आई महिनाभर काकांशी बोलली नाही.

त्या रागातच एका दुपारी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. "काका, तुमचा मामा कोण, ते सांगा आधी!"



"माहा कोणी नाही गा. मीच मामा झालो. वैशूचा."

वैशाली त्यांची एकुलती मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरच्या मोठ्या नोकरीत. त्या नोकरीचे पेढे मीही खाल्लेले.

"माहा बाप म्हशी पाळे," काका म्हणाले. "शाळेत पोरं मले पाहून नाक धरत. त्या शेणातून मी कसा निघालो, माह्या जिवाले माहीत. अन् वैशू म्हणे, मले ढोरांची डॉक्टर व्हाचं आहे. कॉलेजात यादी लागली, तं पाहाले मीच गेलो. नाव होतं तिचं. घरी येऊन सांगतलं, नाही लागला तुहा नंबर."

 हा माणूस माझ्या मुंजीत मला खांद्यावर घेऊन नाचला होता.

"तिला माहीत आहे?"

"नाही. दोन दिवस रडली. मंग म्हणे, जाऊ द्या बाबा, मीच कमी पडली."

 त्यांना बरं वाटेल असं काही बोलायची मला इच्छा होईना.

"म्हणून लोकांले विचारून राहिलो," ते म्हणाले. "राग किती वर्सं राहते, पाहून राहिलो."

"लोकांना काय विचारता? तिला सांगा. आत्ता."

मला वाटलं, टाळतील. पण त्यांनी खिशातून फोन काढला. बोट दोनदा चुकलं. मग वैशालीचा आवाज मलाही ऐकू आला.

"बाबा? या वेळेला? तब्येत बरी आहे ना?"

"वैशू, ढोरांच्या कॉलेजची ती यादी होती ना वं... तुहं नाव होतं तिच्यात. मी खोटं बोललो."

 मला वाटलं, तिनं फोन ठेवला. काका घाबरून स्क्रीनकडे बघू लागले.

मग अगदी बारीक आवाज आला. "कितवं होतं?"

"चौथं," काका म्हणाले.

 तिनं फोन ठेवला नाही. काकांनी तो दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला होता. मी उठलो, बाहेर पडलो आणि कडीचा आवाज होऊ न देता फाटक लावून घेतलं.