छिद्र मोठं, आकडा लहान

ऑटोवर फोटो काढायचे नाहीत, असं सदानंद पेडणेकरांनी ठरवलं तेव्हा त्यांच्या मांडीवर कॅमेऱ्याबरोबर आलेलं एकशे छप्पन्न पानांचं इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यातली चार पानं वाचून झाली होती.

कॅमेरा त्यांच्या मेहुण्याने, विलासने, मस्कतहून आणला होता. साल २००६. उमेळ्याला त्यांच्या बिल्डिंगमध्ये तोवर दोन-तीन डिजिटल कॅमेरे आले होते, पण ते सगळे साबणाच्या वडीएवढे. हा चांगला सोललेल्या नारळाएवढा होता. पुढे मोठं भिंग, आणि डोक्यावर फिरणारी चकती. चकतीवर एका जागी हिरव्या रंगात ‘ऑटो’ लिहिलेलं आणि बाकी जागी पी, एस, ए, एम अशी सुटी अक्षरं. विलासने जाताना बजावलं होतं, की चकती हिरव्यावर ठेवायची आणि बटण दाबायचं, बाकीच्या अक्षरांकडे बघायचंसुद्धा नाही.

चुकलं ते इथेच. सदानंदराव वसईतल्या एका पतपेढीत बावीस वर्षं कारकून होते, आणि कुठलाही फॉर्म ते मागच्या बाजूने आधी वाचायचे. (लग्नाच्या वेळी त्यांनी बँडवाल्याची पावतीसुद्धा मागून वाचली होती आणि वरात त्यामुळे पाऊण तास उशिरा निघाली, असं जयवंतीबाई अजून सांगतात.) अशा माणसाला एखाद्या अक्षराकडे बघू नका म्हणून सांगणं म्हणजे बघायलाच सांगणं. शिवाय हिरव्यावर ठेवून काय, कोणीही फोटो काढेल.

त्यांनी ‘ए’पासून सुरुवात केली. ए म्हणजे अॅपर्चर. शब्दकोशात अर्थ सापडला: छिद्र. भिंगाच्या आत एक छिद्र असतं, ते लहानमोठं करता येतं, इथवर ठीक होतं. पण पुस्तक पुढे म्हणत होतं, की आकडा लहान असेल तर छिद्र मोठं, आणि आकडा मोठा असेल तर छिद्र लहान. सदानंदरावांनी ते वाक्य तीनदा वाचलं, छपाईची चूक आहे असं ठरवून पेन्सिलीने दुरुस्त केलं आणि पान उलटलं. पुढच्या पानावर पुन्हा तीच चूक. तीही दुरुस्त केली. त्याच्या पुढच्या पानावर मात्र आकृती होती, आणि मग त्यांना खोडरबर शोधावं लागलं.

भाजी निवडता निवडता जयवंतीबाईंनी विचारलं, की छिद्र मोठं हवं असेल तर सरळ मोठा आकडा का देत नाहीत. तसं नसतं, असं सदानंदराव म्हणाले. मग कसं असतं, असं त्यांनी विचारल्यावर सदानंदरावांनी सांगितलं, की ते सध्या एकसष्टाव्या पानावर आहेत, कारण बहुधा बासष्टाव्यावर असेल.

आठवडाभर हे चाललं. आणि आठवडाभर माणूस जे वाचतो ते तो ऑफिसात बोलतोच. शेजारच्या टेबलावर व्हिन्सेंट लोपीस बसायचा, पापडी गावचा. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शुक्रवारी खुर्ची जवळ ओढून एक गोष्ट सांगितली.

व्हिन्सेंटची आई सालोमी त्या महिन्यात पंचाहत्तर वर्षांची होत होती. तिला केक नको होता, जेवणावळ नको होती. तिला दोन्ही मुलांबरोबर एक फोटो हवा होता. अडचण अशी, की व्हिन्सेंट आणि त्याचा धाकटा भाऊ फर्डिनंड अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वाडीतल्या विहिरीवर कोणाचा पंप आधी चालवायचा यावरून सुरू झालं होतं; नंतर दोघांनी वेगवेगळे पंप घेतले तरी अबोला तसाच राहिला. एकाच घराचे दोन भाग, मधलं दार बंद. आई मधे. फर्डिनंड फोटोला यायला तयार झाला होता, पण फोटोवाल्याने दोनदा तारीख देऊन टांग मारली होती आणि आता तो तिसऱ्यांदा येईल याची खात्री नव्हती.

“पेडणेकर, तुम्ही याल का?” व्हिन्सेंट म्हणाला. “आईला सारखं सारखं जमणार नाही. एकदाच काय तो काढायचा.”

सदानंदरावांना त्या क्षणी हिरव्या रंगाची आठवण व्हायला हवी होती. ती झाली नाही.

रविवारी चर्चहून सगळे परतल्यावर ओट्यावर फोटो ठरला. केळीच्या वाडीला लागून बैठं घर, ओट्यावर सावली, भिंतीला लागून दोरीवर कपडे वाळत घातलेले. सालोमीबाई खुर्चीत बसल्या. व्हिन्सेंट त्यांच्या खुर्चीला लागून उभा राहिला, त्याची कॉलेजातली मुलगी फ्लॉसी आजीच्या दुसऱ्या अंगाला. फर्डिनंड आला, कोणाकडे न बघता पार मागे जाऊन भिंतीला टेकला. त्या ओट्यावर दोन माणसांत जास्तीत जास्त जेवढं अंतर ठेवता येईल तेवढं त्याने ठेवलं होतं.

सदानंदरावांच्या पुस्तकात लिहिलं होतं, की छिद्र मोठं ठेवलं तर माणूस उठून दिसतो आणि मागचा पसारा विरघळून जातो. दोरीवरचे कपडे बघून त्यांनी चकती ए वर आणली आणि सगळ्यात लहान आकडा दिला, एक पूर्णांक आठ. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर फोटो झकास दिसला. फर्डिनंड लगेच निघून गेला.

मंगळवारी स्टेशनजवळच्या स्टुडिओतून मोठी प्रत आली. सालोमीबाईंच्या कपाळावरची एकेक सुरकुती मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती. व्हिन्सेंटच्या खिशातल्या पेनावरचं नाव वाचता येत होतं. मागचा पसारा पुस्तकात म्हटल्याप्रमाणे विरघळला होता, दोरी, कपडे, भिंत आणि फर्डिनंड.

बुधवारी फर्डिनंड पतपेढीच्या खिडकीशी आला. हातात ती प्रत होती. आवाज न चढवता त्याने विचारलं, “हे तुम्ही केलंत, की कोणी करायला सांगितलं?”

सदानंदरावांनी घाम पुसत समजावलं, की यात कोणाचाच हात नाही, त्यांनी फक्त छिद्र मोठं ठेवलं होतं.

“मोठं ठेवलंत,” फर्डिनंड म्हणाला, “तरी मी मावलो नाही?”

याला एकसष्टाव्या पानावर उत्तर होतं, पण ते खिडकीतून देण्यासारखं नव्हतं. व्हिन्सेंट शेजारी रजिस्टरात डोकं घालून बसला होता. हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते, आणि ते खिडकीतून दिसत होते. फर्डिनंड प्रत तिथेच ठेवून निघून गेला.

त्या संध्याकाळी सदानंदराव जेवले नाहीत. फोटो बिघडला तर पुन्हा काढता येतो, पण इथे अकरा वर्षांचा अबोला आता बारा वर्षं टिकणार होता, आणि त्यात त्यांच्या छिद्राचा वाटा होता. जयवंतीबाईंनी ते हिरवं वापरून बघा असं सुचवलं. आता माघार घेतली तर पहिल्यांदाही चूकच होती असं कबूल केल्यासारखं होईल, असं सदानंदरावांनी सांगितलं. पहिल्यांदा चूकच होती ना, असं जयवंतीबाईंनी विचारलं. पण तोवर ते पुस्तकात शिरले होते.

सालोमीबाईंनी स्वतः निरोप पाठवला म्हणून फर्डिनंड पुढच्या रविवारी पुन्हा आला. या वेळी सदानंदरावांनी कोणालाही विरघळू द्यायचं नाही अशी तयारी केली होती. छिद्र सगळ्यात लहान, म्हणजे आकडा सगळ्यात मोठा, बावीस. पण छिद्र बारीक केलं की उजेड आत यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ हात हलवायचा नसतो, हे पुस्तकात चौऱ्याऐंशीव्या पानावर होतं. सदानंदराव त्र्याऐंशीवर होते.

दुसऱ्या प्रतीत सगळं कुटुंब सारखंच थरथरलेलं आलं, जणू भूकंप होत असताना त्यांनी फोटोसाठी जागा सोडली नव्हती. फर्डिनंडने ती प्रत बराच वेळ बघितली आणि समाधानाने म्हणाला, की आता कसं न्यायाने झालं. व्हिन्सेंटला मात्र ते लागलं. सोमवारपासून तो चहाला सदानंदरावांना न विचारता उठायला लागला. म्हणजे ज्या माणसाने दोन भावांना एकत्र आणायचं, त्याच्याशीच आता त्यांतला एक बोलेनासा झाला होता.

तरी सालोमीबाईंनी तिसरा रविवार दिला. मुलांशी त्या घरच्या बोलीत बोलायच्या, सदानंदरावांशी शाळेतल्या मराठीत. “बाबा, घाई करू नको,” त्या म्हणाल्या. “मी कुठे जात नाही. पण ओट्यावर नको, उकडतं.”

फोटो घरात, सोफ्यावर घ्यायचा ठरला. सोफा एकच होता, त्यामुळे फर्डिनंडला मागे जाता येईना. आई मधे आणि दोन टोकांना दोन भाऊ, दोघंही दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत. फ्लॉसी आपण आजीचा फोटो बिघडवणार नाही म्हणून बाजूला झाली. जयवंतीबाईही त्या दिवशी आल्या होत्या, कारण नवऱ्याला तिसऱ्यांदा एकट्याने पाठवणं त्यांना धोक्याचं वाटत होतं.

सदानंदरावांनी आता ‘एस’ घेतलं होतं. एस म्हणजे शटर. यात उजेड किती वेळ आत घ्यायचा ते आपण ठरवायचं आणि छिद्राचं कॅमेरा बघून घेतो. हात हलायला नको म्हणून त्यांनी कॅमेरा स्टुलावर ठेवला आणि वेग जास्तीत जास्त ठेवायचा ठरवला. चाक फिरवलं तर आकडे दिसायला लागले, पाचशे, अडीचशे, साठ, आणि पार खाली दोन. छिद्राच्या वेळी फसल्यामुळे ते आता सावध होते. तिथे मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र होतं, तेव्हा इथेही मोठा आकडा म्हणजे मंद आणि लहान आकडा म्हणजे जलद, हे उघडच होतं. त्यांनी दोन घेतला. दोनच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक रेघा होत्या. त्या रेघांचा अर्थ सेकंद असा आहे हे त्यांना कसं कळावं. बावीस वर्षं त्यांनी रजिस्टरात त्या रेघा एकाच अर्थाने लिहिल्या होत्या: वरीलप्रमाणे.

त्यांनी बटण दाबलं. खट्ट आवाज झाला. झालं, असं समजून फर्डिनंड ताबडतोब उठला आणि दाराकडे निघाला. तो आधी उठला हे बघून व्हिन्सेंट दुसऱ्या बाजूला उठला. सालोमीबाईंना गुडघ्यांमुळे पटकन उठता येत नव्हतं, त्या तशाच बसून राहिल्या. आणि मग स्टुलावरून दुसरा खट्ट आला.

फ्लॉसीने या वेळी स्टुडिओची वाट न बघता वायर लावून फोटो टीव्हीवर दाखवला. सगळे बघत उभे राहिले. मधोमध सालोमीबाई, लख्ख, हातातली जपमाळसुद्धा मणी न् मणी दिसणारी. त्यांच्या दोन्ही बाजूंना, जिथे मुलगे होते, तिथे नुसता धूर. धुरातून सोफ्याच्या कापडावरची फुलं आरपार दिसत होती. एका टोकाला फर्डिनंडचा एक बूट तेवढा आला होता.

सदानंदराव माफी मागायला पुढे झाले. दोनच्या रेघांबद्दल त्यांना काहीतरी सांगायचं होतं. पण सालोमीबाई टीव्हीकडे बघत होत्या.

“हा बरोबर आलाय,” त्या म्हणाल्या. “मी अशीच बसते. आणि हे दोघं असेच असतात.”

फर्डिनंड दारापाशी उभा होता, व्हिन्सेंट खिडकीपाशी. फर्डिनंड आला आणि सोफ्यावर आईला अगदी चिकटून बसला. व्हिन्सेंट दुसऱ्या बाजूने बसला. त्याने समोर सदानंदरावांकडे बघितलं, ते चाकावर पुन्हा काहीतरी शोधत होते. मग आईच्या डोक्यावरून तो भावाला म्हणाला, “अजून तासभर तरी लागेल बघ.”

“तासभर?” फर्डिनंड म्हणाला. “मी गाईला पाणी पाजून येतो मग.”

अकरा वर्षांतलं ते पहिलं बोलणं. सालोमीबाई हसल्या, आणि त्या हसल्या म्हणून दोघंही हसले. जयवंतीबाईंनी तेवढ्यात नवऱ्याला बाजूला सारलं, चकती हिरव्यावर आणली आणि बटण दाबलं. खट्ट एकदाच वाजलं.

तो फोटो आज लोपीसांच्या घरी लागलेला आहे. तिघंही स्पष्ट आहेत. मधलं दारही उघडलं, कारण आईला दोन्हीकडे प्रत हवी होती आणि दुसरी लावायला फर्डिनंडकडे हातोडी नव्हती.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी दोघं भाऊ एकाच स्कूटरवरून उमेळ्याला आले. फ्लॉसीचं लग्न ठरलं होतं. सदानंदरावांनी पत्रिका घेतली, दोघांना शेजारी शेजारी बसलेलं बघून त्यांचा ऊर भरून आला, आणि लग्नाचे फोटो आपण काढू हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. मधल्या काळात त्यांनी ‘एम’ वाचून काढलं होतं.

व्हिन्सेंटने भावाकडे बघितलं. हे कोणी बोलायचं ते स्कूटरवरच ठरलं असावं.

“तुम्ही सगळ्यांनी यायचंच,” तो म्हणाला. “कॅमेरासुद्धा आणायचा.”

“पण तो वहिनींच्या हातात,” फर्डिनंड म्हणाला.

“तुम्ही नुसते जवळ थांबा,” व्हिन्सेंट म्हणाला.

त्याप्रमाणे लग्नात फोटो जयवंतीबाईंनी काढले आणि सगळे चांगले आले. भिंगाचं झाकण सांभाळायचं काम सदानंदरावांकडे होतं. केक कापायच्या आत ते हरवलं.