मामांची वेळ संपली

माझे खंडूमामा वेबसाइटला उत्तर देतात. मोठ्यानं. मोबाइलवर ‘आपले स्वागत आहे’ असं आलं, की रामराम घालतात. ‘कृपया प्रतीक्षा करा’ आलं, की फोन पालथा ठेवून तंबाखू मळायला घेतात. मळून झाली की फोन सुलटा करून विचारतात, “झालं का तुमचं?”

लोहगडवाडीत मामांच्या घरी गड बघायला आलेली पोरं मुक्कामाला थांबतात. वाडीतल्या अशा घरांतल्या खोल्या राखून ठेवायची वेबसाइट मी केली. लोणावळ्यात माझा वेबसाइट करून द्यायचाच धंदा आहे. मामी गेल्यापासून मामा एकटेच. पण खरं सांगायचं तर माझं तिकडे जाणं व्हायचं ते वेबसाइटच्या कामापुरतंच.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला घाम फोडला. ‘येथे क्लिक करा’ यावर बोट ठेवून म्हणाले, “हितं म्हंजे कुटं? आन् केल्यावर काय व्हतं?”

“मामा, खोल्यांची यादी उघडते.”

“मग तसं लिव की. रस्त्याच्या पाटीवर नुसतं ‘इकडे जा’ लिवलं, तर मानूस गडावर जाईल का दरीत?”

‘आपली नोंद यशस्वीरीत्या सादर झाली’ हे वाचून त्यांनी घरभर नजर फिरवली. “कुनाला सादर झाली? हितं तर मी एकलाच हाय.”

मी हसलो. शब्द तेच ठेवले.

मग एका दुपारी शेजारच्या हिराबाईंचा फोन आला. “दादा, असशील तसा ये. तुजा मामा निघालाय.”

“कुठं?”

“वर!”

गाडी कशी चालवली, आठवत नाही. मामा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. शेजाऱ्यांची कुदळ परत केलेली, शेळी हिराबाईंच्या दारात बांधलेली. तोंडात तंबाखूसुद्धा नव्हती. ते बघून मी खरा हादरलो.

“मामा, काय होतंय?”

“कायबी न्हाई. पर लिवून आलंय.” त्यांनी फोन पुढे केला.

‘आपली वेळ संपली आहे.’

बराच वेळ कुणी बोट लावलं नाही, की वेबसाइट आपोआप बंद होते. तेव्हा दिसायचं ते वाक्य. माझंच. त्याखाली ‘कृपया पुन्हा प्रवेश करा.’

“संपल्यावर परत परवेश कसला, तेवढं कळंना,” मामा म्हणाले. “म्हनलं, पुनर्जन्माचं असंल.”

हिराबाई पदराआड हसत होत्या. “मशीन बिघडलंय, मामा,” मी म्हणालो. मी लिहिलंय, हे काही तोंडातून निघालं नाही.

घरी येऊन आधी ते वाक्य बदललं. ‘बराच वेळ काही हालचाल नाही. अजून आहात ना?’ खाली बटण: ‘हो, आहे.’

पुढच्या रविवारी कबुली द्यायची म्हणून गेलो. दारातच आवाज ऐकू आला, “हाय की. कुटं जातोय?” मामा फोन समोर ठेवून बसले होते. त्यांनी बटण दाबलं, हात मांडीवर घेतले आणि पुन्हा वाट बघायला लागले.

“मामा, काय काम अडलंय?”

“काम कुटलं? जरा गप बसलं की इचारतंय. लय मायेनं इचारतंय.”

“मामा, ते मी लिहिलंय. आधीचं, वेळ संपल्याचं, तेही मीच.”

मामा फोनकडे बघत राहिले. तिथं पुन्हा ‘अजून आहात ना?’ उमटलं. या खेपेला त्यांनी बटण दाबलं नाही. फोन पालथा ठेवला.

“मग लेका, तोंडानं इचारायला काय झालं व्हतं?”